डॉक्टर पहाटे साडेचारला येतात

ज्या मालिकेच्या नादी मी लागलो, ती 23 नोव्हेंबर 1963 ला सुरू झाली. आमच्या आईचं तेव्हा लग्नही ठरलं नव्हतं. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "अगंबाई, मग अजून त्यांचं मिटलं नाही?"

नाही मिटलं. बीबीसीची 'डॉक्टर हू' 1989 मध्ये बंद पडली, 1996 मध्ये एका चित्रपटापुरती डोळे उघडून पुन्हा झोपली आणि 2005 मध्ये जी उठून बसली ती बसलीच. तरी मराठी प्रेक्षकाने एवढ्याने दिपून जायचं कारण नाही. साठ वर्षांत त्यांचे नऊशे भागसुद्धा भरलेले नाहीत. आपल्या 'चार दिवस सासूचे'ने अकरा वर्षांत तीन हजारांच्या वर भाग काढले. काळातून मागेपुढे फिरणारं यंत्र हाताशी असून इंग्रजांना जे जमलं नाही, ते आपण एका सासूच्या जोरावर करून दाखवलं.

ज्यांचा या डॉक्टरशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा गॅलिफ्रे नावाच्या ग्रहावरचा. छातीत दोन हृदयं. घरच्यांशी पटलं नाही म्हणून एक यान पळवून तो विश्वभर हिंडतो आणि जिथे जाईल तिथल्या भांडणात पडतो. यान उतरेल तिथल्या परिसरासारखं रूप घेणारं आहे, पण ते साठच्या दशकातल्या लंडनमध्ये उतरलं, रस्त्यावरच्या निळ्या पोलीस-पेटीचं रूप घेतलं आणि त्याच रूपात अडकलं. ते दुरुस्त करून घ्यावं असं डॉक्टरला कधी मनापासून वाटलेलं नाही, आणि इथेच तो मला पहिल्यांदा आपला वाटला. पेटी बाहेरून कपाटाएवढी, आत मात्र महालच्या महाल. हे मी रंगवून सांगत होतो तेव्हा आमची ही शांतपणे म्हणाली, "कार्पेट एरिया किती?" आम्ही त्या सुमारास फ्लॅट बघत हिंडत होतो. तिथे सगळा प्रकार उलटा होता. ब्रोशरमध्ये महाल, आत कपाट.

आईची हरकत वेगळी होती. "तपासत कुणाला नाही, औषध देत नाही, फी घेत नाही. मग डॉक्टर कसला?" मी म्हटलं, पीएच.डी. असेल. "मग तसं सांग ना," म्हणाली आणि तिचा त्याच्यातला रस संपला.

तो रस परत आला 1966 मुळे. त्या वर्षी मूळ नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना. मालिका तर जोरात चाललेली. तेव्हा लेखकांनी शक्कल काढली: या ग्रहावरच्या माणसाचं शरीर थकलं की तो मरत नाही, नव्या शरीरात, नव्या चेहऱ्याने, थोड्या वेगळ्या स्वभावाने उठतो. हार्टनेल जमिनीवर पडले आणि पॅट्रिक ट्राउटन उठले. दूरदर्शनच्या इतिहासातली ही फार मोठी युक्ती मानतात. मी आईला ती श्वास रोखून सांगितली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आमच्याकडे प्लास्टिक सर्जरी करतात." खरंच की. आपल्याकडची सून गाडीसकट दरीत कोसळते, पुढच्या सोमवारी बँडेज सुटतं आणि वेगळीच नटी "मी कुठे आहे?" म्हणते. फरक इतकाच, की त्यांनी या युक्तीवर पंधरा-सोळा डॉक्टर काढले आणि लोक आजही आपला डॉक्टर कुठला यावर वाद घालतात. आपल्याकडे जुनी सून कुणाला आठवत नाही.

माझा डॉक्टर कुठला, हे मला नीट सांगता येत नाही, कारण मला ते क्रमाने मिळालेच नाहीत. फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात टेरन्स डिक्स यांच्या छोट्या कादंबऱ्या सापडायच्या. मालिकेतल्या कथांची त्यांनी साठाहून जास्त पुस्तकं केली. ती मी वाचली ती हाती लागतील तशी. पुढे केबलवर एक इंग्रजी चॅनेल आलं आणि त्यावर टेनंट नावाच्या नटाचा डॉक्टर अवतरला. मग मध्येच एक्लेस्टन, जो त्याच्या आधीचा डॉक्टर. मग पुन्हा टेनंट, आता रडणारा. का रडतोय ते दोन महिन्यांनी कळलं, कारण मधले भाग गणपतीत केबलची वायर तुटली तेव्हा होऊन गेले होते. मी केबलवाल्याकडे तक्रार घेऊन गेलो. तो म्हणाला, "काका, ते चॅनेल आख्ख्या सोसायटीत तुम्ही एकटेच बघता." यात माझा गौरव आहे की धमकी, हे समजायच्या आत ते चॅनेलच देशातून उठून गेलं.

पण मी सांगतो, ही मालिका अशीच बघायची असते. ज्या गोष्टीचा नायक आज 2367 सालात आणि उद्या अश्मयुगात, तिचे भाग एकापाठोपाठ एक शिस्तीत बघणारा माणूस मला बँकेत नोकरीला असावासा वाटतो.

आता मामेभावाबद्दल सांगायला हवं. तो स्लाउला राहतो, हीथ्रोच्या पलीकडे. दरवर्षी टीव्ही लायसनचे पैसे इमानेइतबारे भरतो. म्हणजे डॉक्टरच्या मानधनातला काही अंश आमच्या मामाच्या मुलाच्या खिशातून जातो. आणि हा गृहस्थ बघतो काय, तर मराठी मालिका. इकडची साडेआठची मालिका तिकडे दुपारी चारला सुटते, हा ऑफिसात. संध्याकाळी घरी येऊन फोनवर लावेपर्यंत इकडे पुण्यात सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. त्यामुळे रविवारच्या फोनवर आमचा जो व्यवहार चालतो तो तिऱ्हाइताने ऐकण्यासारखा आहे. मी विचारतो, नवा डॉक्टर कोण होणार म्हणून तिकडच्या पेपरात काही आलंय का. तो विचारतो, तिने मंगळसूत्र परत केलं का. मी त्याला बजावतो, "शेवट सांगू नकोस." तो मला बजावतो, "मंगळसूत्राचं सांगू नकोस, आज बघणार आहे." एवढं ठरल्यावर आम्ही दोघंही एकमेकांना सगळं सांगून टाकतो. परदेशातून मालिका बघणाऱ्याचं दुःख परदेशातून मालिका बघणाऱ्यालाच कळतं.

16 जुलै 2017 ला त्याचा फोन रविवारच्या नेहमीच्या वेळेआधीच आला. विम्बल्डनचा अंतिम सामना नुकताच संपला होता आणि बीबीसीने त्याला लागूनच नव्या डॉक्टरची घोषणा केली होती. मामेभाऊ धावत्या समालोचनाच्या सुरात म्हणाला, "फेडरर जिंकला आणि तुझा डॉक्टर बाई झाला." जोडी व्हिटेकर. तिकडे त्यावर महिनाभर रणं माजली. आमच्याकडे मी ही बातमी जपून, चहा झाल्यावर आईला सांगितली. तिने क्षणभर विचार केला. "चांगलंय. बाई डॉक्टर असली की संकोच वाटत नाही."

या बाईंच्याच कारकिर्दीत आईने पहिल्यांदा एक अख्खा भाग बसून पाहिला. 'डीमन्स ऑफ द पंजाब', 11 नोव्हेंबर 2018 ला तिकडे लागलेला, विनय पटेल यांनी लिहिलेला. डॉक्टरबरोबर फिरणारी यास्मिन ही शेफील्डची मुलगी आपल्या आजीचं जुनं गुपित शोधायला ऑगस्ट 1947 च्या पंजाबात जाते. तिथे आजीचं लग्न आहे, आजी मुसलमान, नवरा मुलगा हिंदू, आणि शेतातून फाळणीची रेघ गेलेली. आई चष्मा पुसून बसली. चित्रीकरण स्पेनमधलं आहे हे मी तिला सांगितलं नाही. (साठच्या दशकात यांनी हिमालय वेल्समध्ये दाखवला होता आणि यतीला लंडनच्या भुयारी रेल्वेत सोडलं होतं. आपणही काश्मिरातलं प्रेम स्वित्झर्लंडमध्ये उरकत आलो आहोत, तेव्हा फिटंफाट.) परग्रहावरचे दोन भेसूर प्राणी दिसले तशी आई म्हणाली, "हे मारणार त्याला." ते मारत नाहीत. जे एकटे मरतात, ज्यांच्यासाठी रडायला कुणी नाही, त्यांच्या शेवटच्या क्षणी शेजारी उभं राहणं एवढंच त्यांचं काम असतं. मारायला नवऱ्या मुलाचा सख्खा भाऊ गावात जमाव घेऊन येतो. आणि सारं विश्व वाचवणारी डॉक्टर पाठ फिरवून चालू लागते, कारण हे बदललं तर यास्मिनच जन्मणार नाही. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भाऊच निघाला ना." आणि देवापाशी दिवा लावायला उठली. शेवटची नामावली त्या दिवशी नेहमीची धून सोडून आपल्या गळ्याच्या आलापीत वाजते. ती तिने उभ्यानेच ऐकली.

तशी या मालिकेत आपली माणसं पहिल्या दिवसापासून आहेत. अगदी पहिली कथा दिग्दर्शित केली ती लखनऊला जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी, वयाच्या चोविसाव्या वर्षी. आई म्हणजे लेखिका अतिया हुसेन. निर्माती व्हेरिटी लँबर्ट सत्ताविशीची. बीबीसीतल्या सुटाबुटातल्या बुजुर्गांनी एक पोरगी आणि एक हिंदुस्थानी पोरगा यांच्या हाती मुलांची एक मालिका दिली आणि थोड्याच दिवसांत ही ब्याद जाईल अशी वाट बघत बसले. 2012 च्या एका भागात भविष्यातली भारतीय अवकाश संस्था पृथ्वीकडे येणाऱ्या यानावर क्षेपणास्त्रं रोखून बसलेली दिसते, आणि तिथल्या इंदिराबाई डॉक्टरला मुदत वाढवून द्यायला साफ नकार देतात. 2367 सालातही आपलं सरकारी कार्यालय नियमावर ठाम आहे हे पाहून बरं वाटलं. आणि 2025 मध्ये तर कहर झाला. डॉक्टरची नवी सोबतीण बेलिंडा चंद्रा, पेशाने नर्स, आणि तिचं काम करणारी वरदा सेतू मूळची केरळची. साठ वर्षं ब्रह्मांड फिरून अखेर या डॉक्टरला मल्याळी नर्स मिळाली. ससूनमधल्या कोणत्याही डॉक्टरने त्याला हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

विज्ञानाबद्दल मी फार बोलत नाही. या मालिकेत विज्ञान आहे, पण ते घरात असलेल्या सामानातून केलेलं आहे. डालेक हे तिचे सगळ्यात भयंकर खलनायक: लोखंडी मिरपूडदाणीसारखे, पुढे एक बंदूक आणि दुसऱ्या हाताला मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी प्लंजर. जग जिंकायला निघालेत. यांना जिना चढता येत नाही असा विनोद ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं चालला, शेवटी 1988 मध्ये एका डालेकला तरंगत जिना चढताना दाखवून त्यांनी तोंडं बंद केली. तोवर लिफ्ट नसलेल्या आमच्या जुन्या बिल्डिंगसारखी सुरक्षित जागा विश्वात दुसरी नव्हती. यानाचा तो घरघरता आवाज ब्रायन हॉजसन यांनी घराची किल्ली पियानोच्या तारेवर घासून काढला. परके ग्रह म्हणून ज्या जागा दिसतात त्यांतल्या बऱ्याचशा इंग्लंडमधल्या दगडखाणी. आमच्या वाघोलीच्या खाणींतून चार-पाच ग्रह सहज निघतील, कुणी विचारत नाही एवढंच. डॉक्टर झालेल्या टॉम बेकरचा तो पायांत घोळणारा मफलर असाच झाला. विणणाऱ्या बाईंना लोकर जरा जास्तच दिली गेली आणि त्यांनी ती सगळी विणून टाकली. आमच्याही घरात या पद्धतीने विणलेला एक स्वेटर आहे.

तर, वेळापत्रक. 2023 च्या अखेरीस ब्रिटन-आयर्लंडबाहेरचे हक्क डिस्नेकडे गेले आणि आमचा वनवास संपला. तिकडच्या लोकांबरोबर त्याच क्षणी आम्हाला भाग मिळणार! त्या क्षणाचा मुहूर्त काढला तो असा: 2024 चे भाग ब्रिटनमध्ये शुक्रवार-शनिवारच्या मध्यरात्री बाराला सुटायचे. म्हणजे आमच्या पहाटेच्या साडेचारला. अमेरिकेत संध्याकाळचे सात. कुणाच्या सोयीने विश्व चालतं हे कळायला डालेक लागत नाही.

मी उठायचो. दिवा न लावता, हेडफोन घालून बसायचो. पण आमच्या भागात पालिकेचं पाणी येतं ते त्याच सुमारास, आणि आईला ते पाण्याच्या आधी कळतं. ती दारात उभी राहायची. "उठलाच आहेस तर मोटर लाव." काळाचा स्वामी तिकडे विश्वाच्या टोकाशी कोसळत असताना मी इकडे गच्चीवर टाकीत हात घालून पातळी बघत होतो. 2025 मध्ये त्यांनी वेळ बदलून तिकडची सकाळी आठ केली, म्हणजे आमच्याकडे दुपारी साडेबारा. शनिवार, वरण-भाताची वेळ. आईला हीच वेळ पसंत पडली, कारण पाहुणा जेवणाच्या वेळेला आला की घरचा होतो. आणि लगेच डिस्नेने अंग काढून घेतलं. ऑक्टोबर 2025 मध्ये बीबीसीने तसं जाहीर केलं. त्याआधी मेच्या शेवटी शेवटचा भाग संपला तो तेव्हाचा डॉक्टर झालेल्या गाट्वाच्या जागी बिली पायपरचा चेहरा दाखवून. ही बिली 2005 मध्ये डॉक्टरची सोबतीण होती. वीस वर्षांनी आता तिचाच चेहरा का, पुढे काय, कुणालाच माहीत नाही. मामेभावाला विचारलं. तो म्हणाला, "मंगळसूत्र अजून परत केलेलं नाही."

इतकं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की परदेशातला प्रेक्षक म्हणजे पंगत उठल्यावर पानं धुंडाळणारा. माझंही तसंच मत होतं. ते बदललं ते हरवलेल्या भागांची हकिकत कळल्यावर.

साठच्या दशकात व्हिडिओटेप महाग होती. भाग एकदा दाखवून झाला, पुन्हा दाखवायला करारांची आडकाठी, पुढे रंगीत टीव्ही आला तेव्हा काळंपांढरं कोण बघणार? बीबीसीने टेपा पुसल्या आणि त्यांवर दुसरं काहीबाही भरलं. हार्टनेल आणि ट्राउटन यांच्या काळातले नव्वदहून जास्त भाग असे गेले. वारिस हुसेन यांनी केलेली 'मार्को पोलो' ही सात भागांची कथा, एकही भाग उरला नाही. आवाज तेवढे वाचले, कारण काही पोरांनी टीव्हीच्या स्पीकरजवळ टेपरेकॉर्डर धरून ते घरी मुद्रित केले होते. जगातल्या एका मोठ्या प्रसारण संस्थेने जे सांभाळलं नाही ते शाळकरी पोरांच्या कपाटात निघालं.

पण पुसण्यापूर्वी बीबीसीने या भागांच्या 16 मिलिमीटर फिल्मवर प्रती काढून परदेशी विकल्या होत्या. हाँगकाँग, नायजेरिया, सायप्रस, झांबिया, ऑस्ट्रेलिया. एका देशात दाखवून झालं की डबे पुढच्या देशात, शेवटच्याने परत पाठवायचे किंवा जाळून टाकायचे. आणि इथे मानवी स्वभाव डॉक्टरच्या मदतीला धावला. कुणीतरी कुठेतरी दोन्ही केलं नाही. डबा फळीवर ठेवला आणि जेवायला गेला. 'टूंब ऑफ द सायबरमेन'चे चारही भाग 1992 मध्ये हाँगकाँगहून परत आले. 2013 मध्ये जाहीर झालं की नायजेरियातल्या जॉस शहरात फिलिप मॉरिस यांना हरवलेले नऊ भाग मिळाले, त्यांत लंडनच्या भुयारातला तो यतीही. त्या कथेचा तिसरा भाग मात्र पाहिला तेव्हा होता आणि डबे निघाले तेव्हा नव्हता, असं मॉरिस सांगतात. ऑस्ट्रेलियाची गंमत तर आणखी न्यारी. तिथल्या सेन्सॉरने मुलं घाबरतील म्हणून कापलेले तुकडे दफ्तरी लावून ठेवले होते. 1996 मध्ये ते सापडले. त्यामुळे काही कथांमधलं बाकी सगळं गेलं आणि उरलं आहे ते फक्त कुणाला दाखवू नये असं ठरलेलं. आमच्या सेन्सॉर बोर्डाने हे वाचावं आणि उगाच हुरळून जाऊ नये.

म्हणजे या मालिकेचा मूळ देश जिथे जिथे हरला तिथे तिथे तिला उशिरा, तुटक, उलटसुलट बघणाऱ्यांनी वाचवलं. हे कळल्यापासून मी केबलवाल्यांकडे वेगळ्या नजरेने बघतो. त्यांच्या दुकानांत मागच्या फळीवर काय काय असेल सांगता येत नाही.

आता एक विनंती. डॉक्टरचे जुने भाग केनिया, युगांडा आणि झांबियातही दाखवले गेले होते, आणि त्या काळात गोव्याची कितीतरी कुटुंबं पूर्व आफ्रिकेत नोकरीला होती, मग गाशा गुंडाळून परतली. ट्रंका आल्या, त्या माळ्यावर गेल्या आणि नंतर कुणी उघडल्या नाहीत. म्हापसा, मडगाव, सावंतवाडी, कुठेही असाल, या दिवाळीला माळा काढाल तेव्हा चपटा, गोल, ताटाएवढा पत्र्याचा डबा दिसला तर भंगारवाल्याला किलोवर घालू नका. झाकण उघडताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर लोणचं बिघडलं समजून फेकून देऊ नका. फिल्म खराब व्हायला लागल्याची ती खूण आहे, तेव्हा घाई करा. लेबलावर 'मार्को पोलो' असं लिहिलेलं असेल तर थेट बीबीसीला कळवा. त्यांच्याकडे नाही.